पालेभाजीतली तूट

कुणाला तरी कवेत घ्यायचं आहे अशा थाटात दोन्ही हात पसरून भांडारपाल म्हणाले, "एवढा पाला मी स्वतः आणला. एवढा! आणि ताटात आलं काय? हे एवढंसं." एवढंसं किती, ते त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. दोन्हींच्या मधून जेमतेम उजेड येत होता.

हे वाक्य गेली चौतीस वर्षं त्या घरात अधूनमधून म्हटलं जात होतं. त्यांच्या पत्नी, बाई, ते ऐकून घेत आणि वाढायला लागत. पण त्या दिवशी बाईंची थोरली बहीण जेवायला आलेली होती. घरातली गोष्ट घरात बोलली की ती कुरकुर असते. तीच पाहुण्यांसमोर बोलली की तिचा आरोप होतो. भांडारपालांना हा फरक कधी कळला नाही, कारण नोकरीत त्यांचं सगळं आयुष्य आरोपपत्राच्या भाषेत गेलेलं होतं आणि तीच त्यांची बोलीभाषा झालेली होती.

"आमच्या आईच्या हातची पालेभाजी ताटात ढिगाने असायची," ते पुढे म्हणाले. "मंद आचेवर अर्धा दिवस झाकून ठेवायची ती. एक देठ वाया जायचा नाही. आपल्याकडे मात्र आवक आणि जावक यांचा मेळ कधी बसलाच नाही."

"म्हणजे काय भाऊजी, आमची बहीण पाला चोरते?" थोरल्या बहिणीने विचारलं. तिला स्पष्ट बोलायची सवय होती आणि त्याचा तिला अभिमानही होता.

"चोरते असं मी म्हटलं नाही, ताई. तूट येते, एवढंच म्हटलं. तूट ही वस्तुस्थिती असते. जबाबदारी नंतर निश्चित होते."

बाईंनी हातातला डाव खाली ठेवला. आवाज न चढवता, जणू उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तशा त्या म्हणाल्या, "उद्यापासून पालेभाजी तुम्ही करायची. मी तिच्याविषयी एक अक्षर बोलणार नाही." मग आपलं ताट उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथल्या स्टुलावर बसून जेवल्या. त्या दिवसापासून त्या त्यांना वाढत, हवं-नको बघत, पण बरोबर बसून जेवत नसत. समोरची खुर्ची रिकामी ठेवून भांडारपाल जेवायला लागले. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं, बरं झालं, वर्तमानपत्र पसरायला जागा झाली. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हा हा प्रश्न आता कागदोपत्री सोडवायलाच हवा, असं त्यांनी ठरवलं.

साधन घरातच होतं. तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना एक स्लो कुकर भेट दिला होता. विजेचं भांडं, आत जड चिनी मातीचं पातेलं, वर काचेचं झाकण. आठ तास मंद आचेवर ठेवायचं की झालं. खरं तर कार्यालयातल्या लोकांना घड्याळ द्यायचं होतं. पण भांडारपाल निवृत्त होत असल्यामुळे खरेदीवर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. भांड्याबरोबरची पुस्तिका त्यांनी दोनदा वाचली आणि तीन वाक्यांखाली लाल रेघ मारली. पहिलं: 'मंद आचेमुळे अन्नातले काहीही वाया जात नाही.' दुसरं: 'शिजताना झाकण उघडू नये, प्रत्येक वेळी उघडल्यास शिजण्याचा अवधी वीस मिनिटांनी वाढतो.' तिसरं: 'पूर्ण भरल्यास बारा व्यक्तींसाठी पुरेसे.'

पहिल्या वाक्यावर ते बराच वेळ थांबले. काहीही वाया जात नाही! म्हणजे जेवढं आत तेवढं बाहेर. चौतीस वर्षांची तूट गॅसच्या भगभगत्या आचेत, नाहीतर निवडणाऱ्याच्या हातात, कुठे जात होती ते एका दुपारी सिद्ध होणार होतं. आपण कठोर होतो आहोत असं त्यांना मुळीच वाटलं नाही. आपण निःपक्षपाती आहोत असं वाटलं. कठोर माणसाला निदान रात्री झोप लागत नाही. निःपक्षपाती माणूस छान घोरतो.

पहिला प्रयोग त्यांनी कुणालाही न सांगता सुरू केला, म्हणजे दोन मिनिटांत सगळ्या इमारतीला कळला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका चव बघायच्या निमित्ताने आल्या आणि झाकण उचलून म्हणाल्या, "पाणी घातलंत का? पाणी घालू नका." त्या गेल्या आणि परत येऊन पुन्हा झाकण उचलून म्हणाल्या, "थोडं घाला." तळमजल्यावरच्या शिंप्याची बायको आली, तिने झाकण उचललं, आत बघितलं आणि काहीही न बोलता एक सुस्कारा सोडून ते ठेवलं. चौथ्यांदा झाकण कुणी उचललं ते कळलं नाही, कारण तेवढ्यात फ्यूज गेला. जिन्यातले दिवे गेले, पंखे थांबले आणि इमारतीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकले. सेक्रेटरी पाऊण तास आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एका नव्या नियमाचा मसुदा तयार होता.

त्या पाऊण तासात भांडारपालांनी हिशेब मांडला. भाजी दहा मिनिटं शिजली होती. झाकण चार वेळा उघडलं, म्हणजे अवधी ऐंशी मिनिटांनी वाढला. दहातून ऐंशी वजा. याचा अर्थ भाजी सुरुवातीला जेवढी कच्ची होती त्याहून आता सत्तर मिनिटं जास्त कच्ची होती. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं. पाला हिरवागार, टवटवीत, मुळीच न शिजलेला दिसत होता. हिशेब बरोबर निघाला.

दुसऱ्या दिवशी तो पाला पिवळा पडला. त्याची नोंद 'अपघाती नुकसान' अशी झाली.

सेक्रेटरींचा नवा नियम फलकावर लागला: चार तासांपेक्षा जास्त चालणारं कुठलंही विजेचं साधन वापरायचं असेल तर लेखी परवानगी हवी, अर्ज तीन प्रतींत, सोबत वायरमनचा दाखला. दुसरा कुणी असता तर चिडला असता. भांडारपालांचे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर तीन महिन्यांत त्यांच्याकडे कुणी काही तीन प्रतींत मागितलं नव्हतं.

अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला. 'विषय: पालेभाजी शिजवण्याबाबत.' सेक्रेटरींनी तो चष्मा वर-खाली करून वाचला. "कारण या रकान्यात तुम्ही 'सत्यशोधन' लिहिलंय."

"तेच कारण आहे."

"बघा, तुमचं काय ते सत्य शोधा, पण लिफ्ट चालू राहिली पाहिजे. आणि परवानगी देणाऱ्याने जागेवर पाहणी करायची असते. भाजी कधी तयार होणार?"

"रविवारी दुपारी एकला."

"मग पाहणी एकलाच करतो. सौभाग्यवतींनाही आणतो, त्यांना पालेभाजीतलं जास्त कळतं."

भांडारपालांनी वहीत लिहिलं: दोन.

वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि कुणाच्या तरी आजारपणाची बातमी द्यावी तसा हळूच बोलला. "काका, तुमचं भांडं बिचारं गरीब आहे. ते काही करत नाही. पण तुमच्याच लाईनवर खाली शिंप्याची इस्त्री आहे. ती चांडाळ आहे."

"दाखला द्याल?"

"देतो की. पण रविवारी पहाटेपासून दुपारपर्यंत इस्त्री बंद पाहिजे. आणि मी स्वतः इथे असलेलं बरं. एक वाजता येऊ ना?"

तीन.

शिंपी भला माणूस होता. आठ तास इस्त्री बंद ठेवायला तो लगेच कबूल झाला. "पण मग आमच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक कशाला करायचा? बायको येईल, मी येईन. आणि आमच्या आईला दात नाहीत बघा. मऊ पालेभाजी म्हणजे देवच पावला तिला." सहा. वजनकाटा कोपऱ्यावरच्या वाण्याने दिला, तोही या अटीवर की आपल्या काट्यावर जे काही सिद्ध होणार ते बघायला आपण हजर राहणार. सात. मुख्याध्यापिकांना बोलावलं नव्हतं, पण त्यांनी "मी येताना मोठा चमचा आणू का?" असं विचारल्यावर त्या येणार नाहीत असं धरता येईना. आठ. थोरली बहीण आणि तिचे यजमान तर फिर्यादी पक्षच. दहा. स्वतः आणि बाई मिळून बारा.

बारा! भांडारपालांनी पुस्तिका उघडून तिसऱ्या लाल रेघेवर बोट ठेवलं. एक माणूस जास्त नाही, एक कमी नाही. मागणी आणि साठा यांचा असा तंतोतंत मेळ त्यांना साऱ्या नोकरीत दोनदाच बघायला मिळाला होता.

"भात किती जणांचा करू?" बाईंनी शनिवारी विचारलं.

"बारा जणांचा."

"बरोबर आणखी काही करू?"

"काही नको. भात आणि पालेभाजी. पुराव्याशेजारी दुसरा पदार्थ ठेवत नसतात."

बाईंच्या ओठांवर काहीतरी आलं. पण पालेभाजीविषयी एक अक्षर बोलणार नाही असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या बोलल्या की बोलल्या. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं आणि तांदूळ मोजायला गेल्या.

रविवारी पहाटे पाचला भांडारपालांनी कामाला हात घातला. पाला आदल्या संध्याकाळीच निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून ठेवला होता. एकूण एक पान त्यांनी स्वतः बघितलं होतं. ज्या देठाला दुसऱ्या कुणी केरात टाकलं असतं त्याला त्यांनी तीन-तीन वेळा संधी दिली होती. चिरलेला पाला, कांदा, लसूण, तेल. सगळं पातेल्यात घातलं तेव्हा पाला काठोकाठ आला; तळहाताने दाबून दाबून तो झाकणाखाली बसवावा लागला. मीठ किती घालायचं याची त्यांना चिंता नव्हती. रीतसर अंदाज होता: एवढ्या ढिगाला एवढं. ढीग मोठा होता. मीठही त्याला साजेसं घातलं.

रिकाम्या पातेल्याचं वजन वेगळं काढून ठेवलं होतं. ते वजा जाता आतला माल भरला एक किलो चारशे वीस ग्रॅम. नोंद झाली.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी त्या इमारतीत दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. झाकण चार वेळा उघडलं गेल्याचा सल त्यांच्या मनात होता. तेव्हा भांड्याच्या दोन्ही कानांतून आणि झाकणाच्या मुठीवरून त्यांनी सुतळी फिरवून बांधली, काचेवर फुलीसारख्या दोन कागदी पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्यांवर सेक्रेटरी आणि मुख्याध्यापिका यांच्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेल्या सह्या होत्या, आणि सुतळीच्या गाठीवर मेणबत्तीवर वितळवलेली लाख ओतून आपला जुना शिक्का दाबला. पस्तीस वर्षं त्यांनी कोठाराचं कुलूप असंच बंद केलं होतं.

मागे बाई उभ्या होत्या. अंघोळ करून त्या प्रार्थनेला बसायला निघाल्या होत्या.

"मी लाखेविषयी विचारते," त्या म्हणाल्या. "पालेभाजीविषयी नाही. ही माझ्यासाठी लावली का?"

"छे. सील व्यक्ती बघून लागत नाही. नियम आहे."

"घरात रात्रंदिवस दोनच माणसं असतात," बाई म्हणाल्या. "एकाने सील लावलं."

भांडारपालांकडे याचं उत्तर होतं, उपनियमासकट होतं. पण ते द्यावंसं वाटेना. बाई "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. 'बरं' हा शब्द असा आहे की तो म्हणणारा मोकळा होतो आणि ऐकणारा अडकतो. त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. आतून बाईंची प्रार्थना ऐकू येत होती, नेहमीसारखी, न चढता न उतरता. त्यांनी देवाकडे काय मागितलं ते देव जाणे. पाला पुरू दे, असं मात्र मागितलं नसावं. देवाला उगाच अडचणीत घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आठ तास भांडारपाल त्या भांड्यासमोर खुर्ची टाकून बसले. सातच्या सुमाराला काच वाफेने धुरकटली आणि आतलं दिसेनासं झालं. नवाला लाख मऊ होऊन तिचा एक ओघळ मुठीवरून खाली आला. त्यांनी ओल्या फडक्याने ती थंड केली. दहाला वास सुटला. मुख्याध्यापिका आत येत म्हणाल्या, "लाखेची फोडणी दिलीत का हो?" आणि झाकणाकडे हात नेऊन स्वतःचीच सही बघून थबकल्या.

एकच्या ठोक्याला सगळे जमले. टेबल पुरेना म्हणून सतरंजी घातली. शिंप्याच्या आईला भिंतीशी टेकून बसवलं. भात मधोमध, वाफाळलेला. ताटं मांडली गेली. इतकी ताटं त्या घरात एकावेळी फार दिवसांनी मांडली गेली होती, आणि सगळ्या ताटांत एकाच पदार्थाची जागा रिकामी होती.

भांडारपालांनी सील सगळ्यांना फिरवून दाखवलं. "शाबूत आहे ना?"

"शाबूत आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"माझीच सही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

सुतळी कापली. पट्ट्या फाडल्या. झाकण उचललं. वाफ वर गेली आणि बारा माणसं पुढे वाकली.

पातेलं रिकामं होतं असं म्हणणं अन्याय होईल. तळाशी, अगदी तळाशी, दोन बोटं हिरवं पाणी होतं आणि त्यात एक काळपट हिरवा लोंदा शांतपणे बसलेला होता. मोठ्या लिंबाएवढा म्हणा, नाहीतर उदार मनाने दोन लिंबांएवढा म्हणा.

वायरमनने सवयीने प्लगकडे बघितलं.

"भाऊजी," थोरली बहीण सावकाश म्हणाली. "आता सांगा. घेतली कुणी?"

"सील शाबूत होतं," भांडारपाल म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"माझी सही आहे म्हणून माझ्याकडे बघू नका," सेक्रेटरी म्हणाले. "मी फक्त परवानगी दिली. परवानगीत भाजीची हमी नव्हती."

"विजेने खाल्ली असं कुणी म्हणू नका," वायरमन म्हणाला. "वीज असलं काही खात नाही."

"पाला बसतो रे बाबा," भिंतीशी टेकलेली शिंप्याची आई म्हणाली. "शिजला की बसतो. डोंगर आणलास तरी बसतो. तुला कुणी सांगितलं नाही?"

चौतीस वर्षांत त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. आणि सांगणारीला त्यांनी कधी विचारण्याजोगं समजलं नव्हतं. बाई दाराशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हसून घेतलं असतं तर भांडारपालांना पुष्कळ सोपं गेलं असतं.

माणूस बुडायला लागला की जे हाताशी येईल ते धरतो. भांडारपालांच्या हाताशी काटा होता. त्यांनी पातेलं उचललं, काट्यावर ठेवलं.

"वजन करता?" बहीण म्हणाली. "काय उरलंय त्याचं वजन?"

"करू दे त्यांना," वाणी म्हणाला. "काटा खोटं बोलत नाही. आमचा तर नाहीच."

आकडा आला. रिकाम्या पातेल्याचं वजन वजा केलं. भांडारपालांनी पुन्हा वजा केलं. मग कागद मुख्याध्यापिकांकडे दिला. त्यांनी चष्मा लावून, बोटांवर मोजून, तिसऱ्यांदा वजा केलं.

"एक किलो चारशे पाच," त्या म्हणाल्या. "उत्तर बरोबर आहे."

एक किलो चारशे वीस आत गेलं होतं. एक किलो चारशे पाच बाहेर आलं होतं. पंधरा ग्रॅम वाफ. ओल्या मालाला सुकण्याची दोन टक्के घट त्यांच्या नियमातच मान्य होती. ही तर त्याहूनही कमी. म्हणजे भारा होता तो लोंदा झाला, ढीग होता तो दोन बोटं पाणी झाला, पण गेलं काहीच नव्हतं. या पातेल्यात नाही. आणि, भांडारपालांनी कागद खाली ठेवला, त्या दुसऱ्या पातेल्यातही कधी नाही. तिथे फक्त पाणी वाफ होऊन वर जायचं. पाला सगळाच्या सगळा ताटात यायचा. त्यांच्याच ताटात. तिच्या ताटात तो किती यायचा हे त्यांनी कधी मोजलेलं नव्हतं.

"जेवायला बसा," बाई म्हणाल्या. "भात निवतोय."

वाढायला सुरुवात झाली. प्रत्येकाच्या भातावर एक चमचा हिरवं आणि थोडं पाणी. शिंप्याने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले. सेक्रेटरींनी घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. डोंगराला घातलेलं मीठ लोंद्यात उतरलं होतं. समुद्राच्या काठी राहणाऱ्यांनाही ते झेपलं नसतं. लोक नखाएवढी भाजी आणि मूठभर भात असं खाऊ लागले, मग त्याहून कमी भाजी आणि त्याहून जास्त भात. भात पुन्हा वाढला, तिसऱ्यांदा वाढला. भाजी मात्र कुणी पुन्हा मागितली नाही.

बारा माणसांना पुरून पातेल्यात भाजी उरली. पुस्तिकेतली तिन्ही वाक्यं खरी ठरली.

"चवीला तशी..." वाणी भला म्हणून काहीतरी म्हणायला लागला आणि त्याला ठसका लागला.

भांडारपाल जेवत नव्हते. वही उघडून ते लिहीत होते. लिहून झाल्यावर ते उभे राहिले. त्यांना बसून दिलगिरी व्यक्त करता येत नसे. खरं म्हणजे उभ्यानेही ती त्यांनी पूर्वी कधी केली नव्हती.

"दाखला देण्यात येतो की," त्यांनी वाचलं, आणि सगळ्यांचे घास थांबले, "आज साक्षीदारांसमक्ष केलेल्या पडताळणीत पालेभाजीमध्ये कोणतीही तूट आढळली नाही. तूट निरंक. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडून कोणतीही वसुली किंवा खुलासा येणे नाही. यापूर्वी घेतलेला आक्षेप चुकीच्या माहितीवर आधारित होता. तो मागे घेण्यात येत आहे."

"माफी हा शब्द नाही त्यात," थोरली बहीण म्हणाली.

"आमच्या नमुन्यात तो नसतो, ताई." भांडारपालांनी पेन पुन्हा उचललं. "मी घालतो." त्यांनी वाकून एक ओळ लिहिली. लिहायला वेळ लागला. तो शब्द लिहायचा हाताला सराव नव्हता.

तो कागद वहीतून फाडून त्यांनी बाईंपुढे धरला. बाईंनी तो वाचला. वरपासून खालपर्यंत, सावकाश, जशा त्या रोजची पोथीची पानं वाचत तशा.

"ही आजच्या भाजीची नोंद झाली," त्या म्हणाल्या. "आज तर भाजी तुम्ही केलीत. माझं काय?"

सेक्रेटरींची बायको नवऱ्याकडे असं बघत होती की तेही काही लिहून देण्याच्या विचारात पडले.

भांडारपालांनी कागद परत घेतला. नोकरीत त्यांनी फार मोठ्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांखाली ही शब्दरचना बघितली होती. स्वतः वापरायचा प्रसंग कधी आला नव्हता. त्यांनी लिहिलं: 'हा आदेश पूर्वलक्षी प्रभावाने लागू राहील.' आणि त्यापुढे, कुणालाही न विचारता, वही न चाळता, त्यांनी आपल्या लग्नाची तारीख घातली.

"सही करा कुणीतरी," ते म्हणाले. थोरल्या बहिणीने सही केली. शिंप्याच्या आईनेही अंगठा उठवायला हात पुढे केला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी तिच्या अंगठ्याला शाई लावली.

बाईंनी तो कागद हातात घेतला नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि भांडारपालांना वाटलं की झालं, त्या स्टुलावर बसायला गेल्या. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचं ताट होतं. सतरंजीवर नवऱ्याशेजारी जागा नव्हती, वायरमन सरकला. त्या बसल्या. भात वाढून घेतला, त्यावर उरलेल्या भाजीतला एक चमचा, चांगला भरलेला, घेतला आणि खाल्ला. अर्धा पेला पाणी प्यायल्या.

"मीठ पाला बसल्यावर घालायचं असतं," त्या म्हणाल्या. "आधी नाही."

"लिहून घेऊ?" भांडारपालांनी वहीकडे हात नेत विचारलं.

"आधी जेवा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात भात वाढला.